फेरफार वाचता येतो, पॅच नोट्स नाही

ऑनलाइन बॅटल रॉयल खेळायला मी तशी उशिराच लागले. पहिले दोन आठवडे नुसती मरत होते. तिसऱ्या आठवड्यात एक रायफल हाताला बसली आणि लगेच अपडेट आलं. घरात रेंज नीट नसते, त्यामुळे रात्रभर फोन खिडकीत ठेवून ते उतरवलं. सकाळी पॅच नोट्स उघडल्या. तीसेक मुद्दे होते. शब्द कळत होते, पण मजकूर कळेना. एका बंदुकीचा डॅमेज 'कमी केला'. आधी किती होता? एक क्षमता 'पूर्ववत केली'. पूर्वी म्हणजे कधी?

माझ्या सोळा वर्षांच्या चुलतभावाने तोच मजकूर अर्ध्या मिनिटात खाली सरकवत वाचला आणि म्हणाला, "ताई, तुझी गन गेली. नर्फ केली."

नर्फ हा शब्द फोमच्या गोळ्या मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांच्या ब्रँडवरून आला. शस्त्राची ताकद कमी केली की 'नर्फ', वाढवली की 'बफ'. एवढं कळलं तरी नोट्स कळत नाहीत. कारण हा लेखनप्रकार फक्त फरक सांगतो. जो काल खेळत होता, तोच त्याचा वाचक. नव्या खेळाडूला 'काल' नसतोच.

गंमत म्हणजे फक्त फरक सांगणारा मजकूर वाचायची आमच्या मुळशी तालुक्यात घरोघरी सवय आहे. हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यातलं. जमिनीला भाव आला, तसे सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक लोकांना पाठ झाले. सातबारा म्हणजे जमिनीची आजची स्थिती; फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, ती तशी कशी झाली हे सांगतो. कुठल्या गटात, कोणाचं नाव आलं, कोणाचं कमी झालं, कशाच्या आधारे. आणि सातबाऱ्याशिवाय नुसता फेरफार कोणी वाचत नाही.

मी नेमकं तेच करत होते. सातबारा न बघता फेरफार वाचत होते. मग आधी गेममधल्या शस्त्रांच्या पानावर गेले, माझ्या रायफलचे आकडे वहीत उतरवले आणि पुढच्या अपडेटला दोन्ही शेजारी ठेवले. तेव्हा पहिल्यांदा कळलं की फरकाच्या आकारावर काही ठरत नाही. समजा, समोरच्याचं आयुष्य १०० आहे. बंदुकीचा डॅमेज ४० वरून ३८ झाला तरी तो तीनच गोळ्यांत पडतो. पण ३४ वरून ३३ झाला, तर तीन गोळ्यांचे ९९ होतात आणि चौथी गोळी लागते. दोनाने कमी झालेल्या बंदुकीचं काही बिघडलं नाही, एकाने कमी झालेली संपली. नोट्समध्ये मात्र दोन्ही ओळी सारख्याच दिसतात.

हे तरी आकडे दिले असतील तर. पुष्कळ नोट्समध्ये इंग्रजीत नुसतं 'अ‍ॅडजस्ट केलं' असतं. त्याचं मराठी सरळ सरकारी होतं: बदल करण्यात आले आहेत, त्रुटी दूर करण्यात आल्या आहेत. कोणी केले, कोणासाठी केले, काही नाही. जीआर वाचणाऱ्याला ही भाषा परकी वाटणार नाही.

सगळ्या नोट्स अशा नसतात. डोटा २ च्या नोट्स कोरड्या असतात, पण आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा देतात. कारण मात्र बहुतेकदा देत नाहीत. लीग ऑफ लेजेंड्सच्या नोट्समध्ये बदलाआधी बनवणाऱ्यांचा छोटा परिच्छेद असतो: हे पात्र फार जिंकतंय, अमुक पातळीवरचे खेळाडू हैराण आहेत, म्हणून हा बदल. माझ्या मते नव्या माणसासाठी सगळ्यांत उपयोगी मजकूर हाच. त्यातून आकडाच नाही, खेळ कसा चालतो तेही कळतं. उलट टोकाला माइनक्राफ्ट. तिथे कितीतरी याद्यांमध्ये 'हेरोब्राइन काढून टाकला' अशी ओळ येते. हेरोब्राइन हे खेळाडूंनी रचलेलं भूत, ते गेममध्ये कधी नव्हतंच. जुन्यांना हसू येतं, आणि नवा मात्र ते कुठे होतं हे शोधत बसतो. विनोद मला आवडतो, पण जो आतला नाही त्याला तो बाहेरच ठेवतो.

म्हणजे फेरफार चांगला आणि पॅच नोट्स वाईट, असं म्हणून मी सुटले असते. पण त्या आठवड्यात मी आमच्या जमिनीचा एक जुना फेरफार पुन्हा काढला. हक्कसोडपत्राने आत्याचं नाव कमी केल्याची नोंद. दस्त, तारीख, सही, सगळं जागेवर आहे. 'का' नाही. आत्याने स्वतःहून सोडलं, की भावांशी वाईटपणा नको म्हणून सोडलं, हे त्या नोंदीत मावत नाही. ते आत्यालाच विचारावं लागतं, आणि आजवर घरात कोणी विचारलेलं नाही.

तरी फेरफारात एक गोष्ट आहे, जी मी वाचलेल्या एकाही पॅच नोटमध्ये नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे नोंदीची प्रत चावडीत लावायची, संबंधितांना कळवायचं आणि कोणी हरकत घेतली तर तिचीही नोंद करायची. नोंद कायम होते ती त्यानंतर. गेममध्ये नोट्स हातात येतात तेव्हा बदल झालेला असतो. 'अपडेट करा' हे एकच बटण. नाही केलं तर लॉबीत प्रवेश नाही. महिनाभर कमावलेला हात जातो आणि हरकत कुठे नोंदवायची याची ओळ नसते.

चुलतभाऊ म्हणतो, "ताई, एवढं काय, दुसरी गन घे." मी घेतली. तिचेही आकडे वहीत उतरवले. पुढचा फेरफार आमच्या पिढीचा असेल, त्यात त्याचंही नाव असेल आणि माझंही. तो कागद आला की सही करण्याआधी मी आत्याकडे जाणार आहे.