प्रवासवर्णनात कपडे कोण धुतो?

मराठी माणूस युरोपला जाऊन आला की घरात दोन वस्तूंची भर पडते. एक, फ्रीजवर चिकटवायचा आयफेल टॉवर. आणि दुसरी, प्रवासवर्णनाचे हस्तलिखित. पैकी टॉवर फारशी जागा अडवत नाही.

आमच्या वाचनालयातले प्रवासवर्णनांचे कपाट मी पंचविशीच्या आत संपवले होते. कानेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ झाले, गाडगिळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ झाले, आणि ‘अपूर्वाई’ तर इतक्यांदा नेले की ग्रंथपाल म्हणाले, “आता विकतच घ्या की!” त्यामुळे २०१६ साली बँकेने मला तीन महिन्यांसाठी फ्रांकफुर्टला पाठवले तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. म्हटले, युरोप आपला पाठ आहे. फक्त जाऊन म्हणून दाखवायचा.

पाठवण्याचे कारण फारसे गौरवाचे नव्हते. तिथल्या शाखेची जुनी खाती नव्या संगणक प्रणालीत नेताना मेळ बसत नव्हता. संगणकवाले म्हणत, आमचे बरोबर आहे. शाखा म्हणे, आमचेही बरोबर आहे. दोघांचेही बरोबर असताना फरक कुठून येतो हे शोधायला एक कारकून हवा होता. बावीस वर्षे व्हाउचरे जुळवलेला, बी.कॉम. झालेला आणि दुसरे काही न येणारा माणूस म्हणून माझी निवड झाली.

मी पोचलो शनिवारी रात्री. रविवारी सकाळी दूध आणायला पिशवी घेऊन बाहेर पडलो, तर सगळे गाव कुलूपबंद. जर्मनीत रविवारी दुकाने उघडत नाहीत. उघडी असतात ती स्टेशनातली वगैरे थोडकी. कपाटभर पुस्तके वाचली, पण हे कुणी सांगितले नव्हते. तो दिवस मी आईने दिलेल्या चिवड्यावर आणि ऱ्हाईन नदीच्या आठवणीवर काढला. मी ऱ्हाईन अजून पाहिली नव्हती, पण आठवण होती. प्रवासवर्णनांची ताकद अशी असते.

चौथ्या दिवशी मोजे संपले. तेव्हा माझ्या डोक्यात पहिला समीक्षात्मक विचार आला : प्रवासवर्णनात कपडे कोण धुतो? दोन-तीन महिने युरोपभर हिंडणाऱ्या आमच्या लेखकांचा सदरा कधी मळतच नाही. लूव्रपुढे चकित होतात, आल्प्सपुढे अंतर्मुख होतात, पण बनियन कुठे वाळत घातले याचा एका ओळीचा उल्लेख नाही. माझ्या इमारतीत धुण्याचे यंत्र तळघरात होते. भिंतीवर पाळ्यांचा तक्ता होता. दुसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंनी मला तिथे नेऊन माझी पाळी गुरुवारी असल्याचे बोटाने दाखवले. सोमवारी यंत्र रिकामे असले तरी पाळी गुरुवारीच.

मग हळूहळू इतर वगळलेल्या नोंदी सापडत गेल्या. कागदाचा डबा वेगळा, वेष्टनांचा वेगळा, खरकट्याचा वेगळा. पाण्याच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत, बाटली दुकानातल्या यंत्राला परत दिली की पैसे परत. बँकेतल्या माणसाला एवढे समाधान दुसऱ्या कुठल्याही प्रेक्षणीय स्थळाने दिले नाही. गटे ज्या घरात १७४९ साली जन्मला ते घरही पाहिले. युद्धात ते पडले आणि नंतर होते तसे पुन्हा उभारले. पण खरे सांगतो, त्या दिवशी माझ्या पिशवीत सहा रिकाम्या बाटल्या होत्या आणि निम्मे लक्ष तिकडे होते.

या वगळण्याचे कारण उघड आहे. आमचा प्रवासवर्णनकार पाहुणा असतो. स्टेशनवर कुणाचा तरी भाचा न्यायला येतो. घरी वहिनी पिठले-भात करतात, त्यावर एक हळवा परिच्छेद होतो आणि वहिनी पुस्तकातून कायमच्या निघून जातात. कपडे त्यांनीच धुतले असणार. त्या वहिनींना तिथला जानेवारी कसा जातो हे विचारावे, असे फार थोड्यांच्या मनात येते.

दुसरे ठरलेले प्रकरण शिस्तीचे. ‘तिथल्या लोकलच्या स्टेशनात तिकीट बघायला कुणी उभे नसते; सगळा विश्वासावर कारभार!’ फाटक नसते हे खरे. पण साध्या कपड्यातले तपासनीस असतात, आणि बिनतिकीट सापडल्यास साठ युरो दंड असतो, हे त्या विश्वासाचे मागचे पान. मी तिकीट काढले होते, पण यंत्रावरचे चुकीचे बटण दाबून लहान मुलाचे. तपासनिसाने एकदा तिकिटाकडे आणि एकदा माझ्या मिशीकडे पाहिले. साठ युरोंचे रुपये किती होतात ते मी हिला अजून सांगितलेले नाही.

‘अपूर्वाई’ला मात्र मी या आरोपपत्रातून वगळतो. १९६० सालच्या त्या पुस्तकात पु.ल. टेलिव्हिजनचे शिक्षण घ्यायला, म्हणजे कामालाच गेलेले आहेत. आणि नवलाई ही पाहणाऱ्याच्या डोळ्यात असते याची कबुली त्यांनी नावातच दिली आहे. ते युरोपला हसण्याआधी स्वतःला हसतात. मागून आलेल्यांनी त्यांचे चकित होणे उचलले, हसणे राहून गेले. अपूर्वाई एकदाच होते. दुसऱ्याने तीच केली की ती नुसती पूर्वाई.

आमच्या कचेरीत संध्याकाळी सफाईला एक तुर्की गृहस्थ येत. १९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. १९७३ साली भरती थांबवली, पण आलेले पुष्कळ जण राहिले. या लोकांना तिथे शब्द होता ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणा-कामगार. एकदा त्यांनी विचारले, “तुम्ही किती दिवस?” मी म्हटले, “तीन महिने.” ते हसून म्हणाले, “माझे वडील दोन वर्षांसाठी आले होते.” आणि बादली उचलून पुढच्या खोलीत गेले. त्या जोडशब्दातला पहिला अर्धा तेवढा आमच्या प्रवासवर्णनांना ठाऊक आहे. दुसरा अर्धा बादली घेऊन बाहेर उभा आहे.

वास्तविक आमची परंपरा अशी नव्हती. वरसईचे गोडसे भटजी १८५७ साली घरून निघाले ते देश बघायला नव्हे. घरात कर्ज होते आणि बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी वार्ता होती. म्हणजे तेही कामगिरीवरच! वाटेत बंड उभे राहिले, झाशीचा वेढा पाहिला, मिळवलेले लुटले गेले. १९०७ साली छापल्या गेलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये भटजींनी हे सगळे सांगितले आहे : दक्षिणा काय मिळाली, भूक किती लागली, भीती किती वाटली. जमेच्या बाजूबरोबर नावेची बाजूही. पुढे आपण फक्त जमा लिहू लागलो.

हे मी मोठ्या तोऱ्याने लिहितो आहे, पण मीही तेच केले. रोज रात्री घरी फोन करून पुलांची, नदीची, स्वच्छतेची वर्णने ऐकवत होतो. दहीभाताचा सलग एकविसावा दिवस आहे, हे सांगत नव्हतो. हीसुद्धा रोज म्हणे, “इकडे सगळं छान.” परत आलो तेव्हा कळले, अप्पा न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडल्याला पाच आठवडे झाले होते. “तुम्ही तिकडे कामात, कशाला सांगायचं?” ही म्हणाली. म्हणजे तीन महिने आम्ही दोन्हीकडून एकमेकांना प्रवासवर्णने पाठवत होतो. आणि दोन्ही बाजूंचे बरोबर असल्यामुळे फरक कुणालाच सापडला नाही.

अप्पांच्या कॉटजवळ बसलो. मी ऱ्हाईनपासून सुरुवात केली. त्यांनी थोडे ऐकून घेतले आणि मग विचारले, “ते असू दे रे. कपडे कोण धुवायचं तुझे तिथं?”

मी त्यांना तळघर सांगितले, तक्ता सांगितला, आजीबाईंचे बोट सांगितले. लहान मुलाचे तिकीट सांगितले, तेव्हा हसताना त्यांचा खुबा दुखला. मग ते पडले त्या दिवसाचे त्यांनी सांगितले. तासभर बोलत होतो. ऱ्हाईन राहूनच गेली.