हसू आणि हुंदका

आर्थिक संकटात करमणूक फोफावते, याचा विषाद मानू नये. महामंदीतल्या अमेरिकेने चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) पाहिला आणि स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९३९) ही कादंबरीही वाचली. आपल्याकडे १९८२च्या संपानंतर मुंबईचा गिरणी कामगार देशोधडीला लागला. १९८५ साली ‘धूमधडाका’ने मराठी प्रेक्षकाला खळखळून हसवले, त्या कामगाराचे घर रंगमंचावर उभे केले ते जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने. तेथे घोषणा नाहीत. आई आहे, लेखक होऊ पाहणारा एक मुलगा आहे, टोळीत ओढला गेलेला दुसरा आहे. गिरण्यांचे भोंगे थांबलेल्या सोलापूरलगतच्या होटगीतही हे घर ओळखीचे वाटेल. विनोदाने घटकाभर विसावा दिला. दुःखाला वाचा या नाटकाने दिली. आपल्या तरुणांनी ते वाचावे, जमल्यास रंगभूमीवर आणावे.