चिमुकली फटफटी आणि पाना

मुलांच्या खेळाकडे पाहण्याच्या वडील माणसांच्या दोन तऱ्हा असतात. एक कौतुकाची व दुसरी काळजीची. या दोहोंच्या गडबडींत मूल प्रत्यक्ष करतें काय, हें पाहणें बहुधा राहून जातें. ब्रूस ब्राउन या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘ऑन एनी संडे’ हा १९७१ सालचा माहितीपट पुन्हां पाहतांना ही गोष्ट प्रकर्षानें मनांत आली. मोटारसायकलींच्या शर्यतींवरील हा चित्रपट त्या विषयांतील एक उत्कृष्ट कृति म्हणून गणला जातो. ऑस्कर पारितोषिकासाठीं त्याचें नामांकनही झालें होतें. त्याचे गुण निर्विवाद असल्यामुळेंच त्यांतील एका उणिवेची चर्चा करणें अगत्याचें वाटतें.

चित्रपटाचा आरंभ मुलांनींच होतो. कॅलिफोर्नियांतील कांहीं पोरें साध्या सायकलींवर बसून मोठ्या स्वारांची नक्कल करीत मातीच्या उंचवट्यांवरून उड्या घेतात. दुसऱ्या एका प्रसंगीं जेफ वॉर्ड नांवाचा लहानगा होंडाच्या चिमुकल्या फटफटीचें पुढचें चाक उचलून केवळ मागच्या चाकावर दौडतांना दिसतो. पुढें हाच मुलगा अमेरिकेंतील मोटोक्रॉसचा राष्ट्रीय अजिंक्यवीर झाला. तें ठाऊक असलेल्या आजच्या प्रेक्षकाला हें दृश्य भविष्यवाणीसारखें भासतें. परंतु पुढच्या यशावरून बालपणाचा अर्थ लावण्याचा मोह टीकाकारानें आवरला पाहिजे. एक वॉर्ड विजयी झाला म्हणून इतर हजारों मुलांच्या खेळाचें समर्थन होत नाहीं, आणि तीं मुलें विजयी झालीं नाहींत म्हणून त्यांचा खेळ व्यर्थही ठरत नाहीं. खेळाची किंमत खेळांतच शोधावयास हवी.

त्यासाठीं या चिमुकल्या यंत्राचें स्वरूप पाहूं. होंडा कंपनीनें १९६१ सालीं तोकियोंतील ‘तामा टेक’ या क्रीडोद्यानासाठीं ५ इंची चाकांची एक लहान फटफटी बनविली. तिच्यावर अंग आंखडून बसलेला स्वार माकडासारखा दिसे, म्हणून या गाडीस पुढें ‘मंकी’ हें नांव पडलें. अमेरिकेंत तर त्याच्याही आधींपासून गवत कापण्याच्या यंत्राचें इंजिन लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यांत बसवून हौशी लोक घरच्या घरीं अशा गाड्या तयार करीत. म्हणजे ही वस्तु जन्मतःच अर्धी खेळणें व अर्धी यंत्र आहे. तिच्यावर नुसतें बसणाऱ्या मुलास तिचें अर्धेंच स्वरूप कळतें. दुसरें अर्धें पाना हातीं घेतल्यावर उलगडूं लागतें.

एक साधें उदाहरण घेऊं. सांखळीच्या पुढच्या चक्रास १४ दांते व मागच्यास ४२ दांते असले, तर मागचें चाक एकदां फिरण्यास पुढचें चक्र तीनदां फिरावें लागतें. मुलानें पुढें १५ दांत्यांचें चक्र घातलें कीं हें प्रमाण २.८ वर येतें. सपाटीवर गाडी अधिक धांवूं शकते. पण चढावर आणि वळणांतून बाहेर पडतांना तिचा जोर ओसरतो. एका हातानें घेतलेलें दुसऱ्या हातानें द्यावें लागतें, हें इतक्या स्पष्टपणें शिकविणारे गुरु थोडेच. कार्ब्युरेटरमध्यें पेट्रोल कमी व हवा फार झाली, तर टू-स्ट्रोक इंजिन भलतें तापतें आणि त्याचा दट्ट्या धरून बसतो. ताशी ३० मैलांचा वेग ४२ वर नेला, तर ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचें अंतर जवळजवळ दुप्पट होतें. तेव्हां शहाणा मुलगा इंजिनाआधीं ब्रेककडे पाहूं लागतो.

हें मर्म दिग्दर्शकास ठाऊक नव्हतें असें म्हणवत नाहीं. मर्ट लॉविल हा १९६९ सालचा अजिंक्यवीर १९७० च्या हंगामांत आपला पहिला क्रमांक राखण्यासाठीं झगडतो, तो भाग चित्रपटाचा प्राण आहे. हा स्वार स्वतःच आपल्या यंत्राचा कारागीर. यंत्र दगा देतें आणि पहिला क्रमांक हातचा जातो. येथें वीररसास करुणाची जोड मिळते. ही दृष्टि मुलांकडे मात्र वळलेली नाहीं. प्रौढाच्या वाट्यास श्रम आणि पराभव यांचें गांभीर्य येतें. मुलाच्या वाट्यास केवळ कसरत आणि टाळी.

ही उणीव केवळ कलेची नाहीं. टाळीसाठीं वेग वाढविणारें मूल जिवावर उदार होत असतें. सोळा वर्षांखालील मुलांनीं असलीं वाहनें चालवूंच नयेत, असा अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला आहे. खेळाच्या शैक्षणिक मूल्याचे गोडवे गाऊन त्याचें खंडन होत नाहीं, हें मान्य केलेंच पाहिजे. यामाहाच्या ‘पीडब्ल्यू ५०’ या बालगाडीस वेगाची मर्यादा ठरविणारा एक स्क्रू असतो. तो आईबापांनीं फिरवावयाचा. पण आज ना उद्यां मुलास तो सांपडतोच! त्या दिवशीं त्याचें रक्षण बंदीपेक्षां त्याच्या स्वतःच्या समजुतीवर अधिक अवलंबून राहतें, आणि ती समजूत कौतुकानेंही येत नाहीं, धाकानेंही येत नाहीं. ती येते यंत्र सोडवून पुन्हां जोडण्यानें. खोगिरासाठीं मुलास थांबवितां येईल. पान्यासाठीं थांबविण्याचें कारण नाहीं.

चित्रपटाच्या अखेरीस लॉविल, माल्कम स्मिथ आणि नट स्टीव्ह मॅक्वीन सागरतीरावर निव्वळ मौजेनें फटफट्या दौडवितात. प्रौढांनीं पुन्हां मूल व्हावें, हें ब्राउननें मोठ्या सहृदयतेनें दाखविलें आहे. मूल हळूहळू जाणतें कसें होतें, हें दाखविणारें एखादें दृश्य त्याच्या जोडीस असतें, तर हा सुंदर चित्रपट आईबापांनाही कांहीं सांगून गेला असता.