मिती वाढली, भरवशाचं काय?

मंडळी, मनोरमध्ये व्याख्यान आणि विषय क्वांटम चाव्यांचा, म्हणून काहींना नवल वाटलं असेल. पण हायवेवरच्या चहाचे पैसे मोबाईलवरून देताना आपण सगळे गुप्त चाव्यांवरच विसंबतो. तो भरवसा कशावर उभा आहे, एवढंच आम्हाला तपासायचं आहे.

बेनेट आणि ब्रासार यांनी १९८४ साली आपल्या बंगळूरच्या परिषदेत क्वांटम चावीची पद्धत मांडली. चावीचा आकडा एकेका फोटॉनवर लिहायचा, दोनपैकी एका मोजपट्टीने. मधल्या चोराला मोजपट्टी ठाऊक नसते. निम्म्या वेळा तो चुकीची लावतो, आणि त्यातल्या निम्म्या वेळा पलीकडे आकडा चुकतो. म्हणजे २५ टक्के चुका. चोरी उघड होते.

२००२ साली सर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, फोटॉनला दोनाहून जास्त अवस्था दिल्या तर? चार घ्या. एका फोटॉनवर दोन बिट मावतात. चोराची मोजपट्टी चुकली की चारांतून तीनदा आकडा बिघडतो, चुका ३७.५ टक्के होतात. दोन मोजपट्ट्यांच्या पद्धतीत चुका सोसण्याची मर्यादाही ११ वरून सुमारे १९ टक्क्यांवर जाते. युक्तिवाद देखणा आहे, आणि तो आम्हाला मान्य आहे.

आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला: ‘ही सुरक्षा निसर्गनियमच देतो.’ निसर्गनियम एवढंच सांगतो, की अनोळखी अवस्था मोजायला गेलात तर ती बिघडते. यंत्र कागदावरच्यासारखं वागेल, अशी हमी तो देत नाही. २०१० साली संशोधकांनी प्रखर प्रकाशाने विकतच्या यंत्रांचे शोधक आंधळे करून, पकडलं न जाता चावी मिळवता येते हे दाखवलं. शिवाय पलीकडे आपलाच माणूस आहे, ही ओळख आधी पटवावी लागतेच. ती काही फोटॉन पटवत नाही. मिती चार करा नाहीतर चाळीस, ही दोन्ही गृहीतकं जागच्या जागी राहतात. उलट मोजणी गुंतागुंतीची झाली, की यंत्रात तपासायच्या जागा वाढतात.

मग हे काम टाकाऊ का? मुळीच नाही. पण २०२३ साली राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर झाले, आणि हा पैसा आपला आहे. तेव्हा ‘सुरक्षित’ शब्द ऐकला की आपण एकच विचारायचं: काय काय गृहीत धरून? सिद्धता खरी असली, तरी ती आपल्या गृहीतकांच्या पलीकडे जात नाही.