नाताळचे ताट आणि आपले लेखन

दिवाळीचे दिवस सरले, की आमच्या टेबलावर हस्तलिखितांची चळत साचू लागते. धर्मग्रामातील लिहिती मंडळी नाताळ अंकासाठी लेख सिद्ध करतात आणि संपादकांकडे धाडण्यापूर्वी 'फादर, एकदा नजरेखालून घाला' म्हणून आमच्या हाती देतात. अलीकडे काही लेख मोबाइलवरून येतात. विषय मात्र ठरलेला असतो. बालपणीचा नाताळ आणि त्या नाताळचे खाणेपिणे. करंज्या, कुलकुल, नानखटाई, फुगे, विंदालू, सोरपोतेल, पेरूचे चीज, मार्झिपान. आम्ही हे लेख आवडीने वाचतो. तोंडाला पाणी सुटते हेही नाकारीत नाही. परंतु लेख मिटून ठेवल्यावर मनात काय उरते, असा प्रश्न स्वतःस विचारला तर प्रांजळपणे उत्तर द्यावे लागते की एक यादी उरते. वाण्याच्या यादीत निदान पदार्थापुढे भाव तरी लिहिलेला असतो. आमच्या या लेखांत नेमका तोच गाळलेला असतो.

सेमिनरीत असताना आम्हीही असा एक लेख लिहिला होता. त्यात एकंदर अकरा पदार्थ होते आणि प्रत्येकास 'अवीट' हे विशेषण जोडलेले होते. तेव्हा हा दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याचा आमचा हेतू नाही. खाद्यपदार्थांविषयी लिहू नये, असेही आमचे म्हणणे नाही. उलट नाताळचे ताट हा साहित्याचा फार मोठा विषय आहे. ज्या लेखकांनी तो समर्थपणे हाताळला त्यांनी काय केले, हे एकदा नीट पाहावे म्हणून यंदा आम्ही काही जुनी पुस्तके पुन्हा काढून वाचली.

त्यांतले पहिले अर्थातच चार्ल्स डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरल'. १८४३ च्या डिसेंबरात ते प्रसिद्ध झाले आणि पहिल्या आवृत्तीच्या ६,००० प्रती नाताळपूर्वीच संपल्या. त्यातील कंजूष स्क्रूज सर्वांना ठाऊक असतो. त्याचा कारकून बॉब क्रॅचिट याच्या घरचे जेवण मात्र बारकाईने वाचावे लागते. बॉबचा पगार आठवड्याला १५ शिलिंग. डिकन्सच्या त्या पुस्तकाचीच किंमत ५ शिलिंग होती, म्हणजे ज्याची कथा सांगितली त्याला ती विकत घ्यायची झाली तर आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा मोजावा लागला असता. या घरात एवढी तोंडे, आणि नाताळसाठी एक हंस. तो भाजायला घरात भट्टी नाही. लंडनमधील गरीब कुटुंबे आपापला पक्षी पाववाल्याच्या भट्टीत भाजायला देत, तशी क्रॅचिटची पोरे तो तिथून घेऊन येतात. वाचकहो, हे आपल्याला परके वाटू नये. घरोघर ओव्हन येण्यापूर्वी आपल्या आयाबहिणी केकचे मिश्रण डब्यांतून बेकरीत नेऊन देत आणि आपला डबा शेजारणीच्या डब्याशी बदलू नये म्हणून त्यावर खूण करीत. डिकन्सने या भट्टीचा विषय पुढेही नेला आहे. रविवारी भट्ट्याही बंद ठेवाव्यात अशी विधेयके १८३० च्या दशकात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मांडली गेली होती. गरिबाचे आठवड्यातले एकुलते एक गरम जेवण धर्माच्या नावाने हिरावून घेणाऱ्यांना डिकन्सने नाताळच्या आत्म्याच्या तोंडून फटकारले आहे. आम्हा धर्मगुरूंनी ते पान अधूनमधून वाचावे.

तो हंस लहान आहे. सफरचंदाची चटणी आणि कुस्करलेले बटाटे यांच्या आधाराने तो सर्वांना पुरवला जातो. नंतर पुडिंग येते. ते कपडे उकळण्याच्या हंड्यात शिजवलेले आहे, त्यामुळे घरभर धुण्याच्या दिवसाचा वास पसरतो. आणि पुडिंग आणायला क्रॅचिटबाई एकटी आत जाते. ती इतकी धास्तावलेली आहे की कोणी बरोबर नको. ते नीट शिजलेच नसेल तर? उपडे करताना फुटले तर? सगळे हंस खाण्यात दंग असताना कोणी मागच्या भिंतीवरून येऊन ते चोरले असेल तर? आमच्या मते साऱ्या पुस्तकात या बाईच्या भीतीइतके खरे दुसरे काही नाही. पुडिंग सुखरूप येते. एवढ्या मोठ्या कुटुंबाला ते अपुरे आहे हे कोणी बोलत नाही. कोणाच्या मनातही ते येत नाही, असे डिकन्स सांगतो, आणि तसे सांगून तो ते आपल्या मनात मात्र पक्के रुजवतो. पदार्थाची चव त्याने जवळजवळ वर्णिलेलीच नाही, त्याच्या वाट्यांचा हिशेब मात्र मांडला आहे.

याच पुस्तकात आम्हाला एक जागा खटकते आणि ती सांगितली पाहिजे. शेवटी सुधारलेला स्क्रूज नाव न कळविता क्रॅचिटच्या घरी भला थोरला टर्की पक्षी धाडतो. तो इतका मोठा की न्यायला गाडी करावी लागते. वाचक सुखावतो. पण नाताळच्या सकाळी अचानक दारात आलेला हा पक्षी शिजवायचा कोणी, केव्हा आणि कोणत्या भट्टीत, हे डिकन्स विचारीत नाही. त्या बाईने जपून जमविलेल्या हंसाचे काय झाले, तेही कळत नाही. टर्कीचे जेवण तो आपल्याला दाखवीतच नाही. देणारा स्क्रूज आपल्या भाच्याकडे जेवायला जातो. आम्हाला वाटते, डिकन्ससारख्या कलावंताला आतून ठाऊक असावे की लहान हंसाच्या जेवणाची सर त्या मोठ्या पक्ष्याला यायची नाही. दानाने पोट भरते, पण ताटामागचे कष्ट त्याने झाकलेही जातात.

यानंतर ट्रुमन कपोटी या अमेरिकन लेखकाची 'अ ख्रिसमस मेमरी' ही कथा. १९५६ साली ती प्रथम छापली गेली. अलाबामातील एका घरात सात वर्षांचा मुलगा आणि साठी उलटलेली त्याची एक दूरची नातलग असे दोघे राहतात. घरातील इतर मोठी माणसे या दोघांना फारशी मोजीत नाहीत. नोव्हेंबर संपता संपता एका सकाळी ती म्हातारी खिडकीशी उभी राहते आणि तिला फ्रूटकेकचे दिवस आल्याचे कळते. मग तीस केक. पीकनचे दाणे विकत घेणे परवडत नाही, म्हणून दुसऱ्याच्या बागेत झाडांखाली गळून पडलेले वेचायचे आणि जुन्या बाबागाडीतून आणायचे. पैसे वर्षभर पै-पै करून साठविलेले. फळीखाली दडवून ठेवलेली थैली काढून दोघे ते मोजतात. एका मोजणीत १२ डॉलर ७३ सेंट, दुसऱ्या मोजणीत नेमके १३ भरतात. तेरा अपशकुनी म्हणून ती एक सेंट खिडकीबाहेर फेकून देते. ज्याच्याकडे पै-पैचा हिशेब आहे त्याने ती पै फेकावी, हा तपशील कल्पनेने सुचत नाही. तो कोणाला तरी पाहताना सापडतो.

हे केक जातात कोणाकडे? घरच्यांकडे नाहीत. बोर्निओत गेलेल्या मिशनरी दांपत्याला, गावात येणाऱ्या धारवाल्याला, रोजच्या बसच्या चालकाला, एकदा मोटार बंद पडली म्हणून अंगणात थांबलेल्या जोडप्याला, आणि थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना. केकमध्ये घालायच्या व्हिस्कीचे पैसे विक्रेता परत करतो आणि त्याऐवजी एक केक मागतो. पुढे मुलाला लष्करी शाळेत धाडले जाते. म्हातारी काही वर्षे एकटीच केक करीत राहते आणि त्यांतला सर्वोत्तम त्याला पाठविते. कथेत सण आहे, पाहुणे नाहीत. आम्ही ही कथा प्रथम वाचली तेव्हा आमच्या घरच्या नाताळच्या ताटांची आठवण झाली. रुमाल झाकून आम्ही भावंडे ती ताटे शेजारीपाजारी पोहोचवीत असू. कोणत्या घरी ताट जाई हे आम्हाला आजही पाठ आहे. कोणत्या घरी जात नसे, हे आठवायला मात्र थोडे थांबावे लागले.

जेम्स जॉइसच्या 'अ पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट ॲज अ यंग मॅन' या १९१६ च्या कादंबरीविषयी थोडक्यातच लिहितो. तीत आयर्लंडमधील एका कॅथलिक कुटुंबाचे नाताळचे जेवण आहे. लहान स्टीफन प्रथमच मोठ्यांच्या टेबलावर बसला आहे आणि निळ्या ज्वाळेत वेढलेले, टोकावर हिरवी पताका लावलेले पुडिंग केव्हा येते याची मनात वाट पाहत आहे. १८९१ साली वारलेले आयरिश नेते पार्नेल यांना बिशपांनी आणि धर्मगुरूंनी दगा दिला की नाही, यावरून टेबलावर भांडण पेटते. धर्मगुरूंची बाजू घेणारी बाई तरातरा उठून जाते, वडिलांचे डोळे भरून येतात. ते पुडिंग प्रसंग संपेपर्यंत येतच नाही. आपल्या धर्मग्रामात जमिनीच्या वाटणीवरून नाताळच्या ताटावरून उठून गेलेला भाऊ कोणी पाहिला नाही? आमच्याकडे आलेल्या लेखांत तो कधीच भेटत नाही. तिथे सर्वजण जेवून तृप्त झालेले असतात.

हे परदेशी लेखकांनाच साधते असेही नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'ना नाताळाशी काही कर्तव्य नाही. पण अन्नाविषयी ख्रिस्ती मराठीत लिहिलेली सर्वांत धारदार पाने तिथे आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर लक्ष्मीबाईंचे सोवळे, वेगळा स्वयंपाक, कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही हा घोर, आणि अखेर तो सुटणे, हे सारे त्यांनी स्वतःला हसत लिहिले. त्यांनी पदार्थांपेक्षा हात पाहिले.

आपल्याही स्वयंपाकघरात पाहण्यासारखे हात पुष्कळ आहेत. बाटली मसाल्याचेच घ्या. आमच्याकडच्या बहुतेक लेखांत त्याच्या वासाचे गोडवे असतात. तो मसाला एप्रिल-मेच्या उन्हात वाळवून, भाजून, लाकडी उखळीत कुटला जाई आणि वर्षभर टिकावा म्हणून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरला जाई. नावही त्यावरूनच पडले. कुटायला घरोघर फिरणाऱ्या बायका येत. नाकातोंडात तिखट जाऊ नये म्हणून चेहऱ्यावर फडके बांधून त्या दिवसभर मुसळ चालवीत. नाताळच्या विंदालूत त्यांचा घाम आहे, पण आमच्या वाचनात आलेल्या एकाही लेखात त्यांचा उल्लेख नाही. 'विंदालू' हा शब्द पोर्तुगीज भाषेतील द्राक्षारस आणि लसूण या शब्दांवरून आला, हे मात्र पाच जणांनी लिहिले होते. ते खरे आहे; पण पाच वेळा सांगण्याइतके ते अवघड नाही. फुगे मुठीतून दाबून अंगठ्याच्या बेचक्यातून तेलात सोडताना आईच्या हातावर उडालेल्या तेलाचे डाग, सोरपोतेल तीन दिवस आधी शिजवून रोज पुन्हा उकळताना पुरवायचे रॉकेल, कुलकुल काट्याच्या पाठीवर वळता वळता बहिणीने हळूच सांगितलेली गोष्ट, यांतले काही कोणी लिहिले तर संपादकांनी ते पहिल्या पानावर घ्यावे.

यंदा आमच्याकडे आलेल्या लेखांपैकी एक पन्नाशी ओलांडलेल्या भगिनीचा होता. पदार्थ चौदा. अक्षर सुरेख. लेख परत देताना आम्ही सहज विचारले, "तुमचे वडील मुंबईच्या गिरणीत होते ना? १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. त्या वर्षीच्या नाताळला घरी काय केले होते?" बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "फादर, ते कशाला लिहायचे?" आम्ही म्हटले, "नका लिहू. पण हे चौदा पदार्थ मग कोणत्या वर्षीचे, तेवढे सांगा."

आठवड्याने त्या पुन्हा आल्या. लेखातून बारा पदार्थ गेले होते. त्या वर्षी घरात फक्त कुलकुल झाले, तेही निम्म्या मापाचे. तरी आईने नेहमीप्रमाणे शेजारी ताट धाडले, कारण न धाडावे तर साऱ्या आळीला कळणार. ताटात एकच जिन्नस आहे हे वाटेत कोणाला दिसू नये म्हणून तिने घरातला सर्वांत मोठा विणलेला रुमाल काढून झाकला आणि लेकीला बजावले, की धक्क्याला रुमाल सरकू देऊ नकोस. शेजारणीने दारातच रुमाल उचलला, पाहिले, पुन्हा झाकला. ताट रिकामे परतवायचे नाही हा आपला रिवाज. संध्याकाळी ते परत आले तेव्हा त्यात दरवर्षीच्या सहाऐवजी वीस करंज्या होत्या. शेजारीण आईला एवढेच म्हणाली, की या खेपेस सारण जास्त झाले, वाया जाईल. आईने त्या मोजल्या आणि सहा ताटलीत मांडून चौदा डब्यात ठेवल्या. लेख तिथेच थांबतो. आम्ही त्यात एकाही शब्दाची दुरुस्ती न सुचविता तो संपादकांकडे पाठविला आहे.