अडगळीच्या खोलीतील भाषा

पोर्तुगीज भाषेत भूक लागल्याचे सांगताना माणूस 'माझ्यापाशी भूक आहे' अशा अर्थाचे वाक्य योजतो. उपासमारच झाली तर 'पासार फोमे', म्हणजे भूक काढली, असे म्हणतो. आपणही 'दिवस काढले' म्हणतोच. वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. पगार, लिलाव, तुरुंग हे त्यांचे शब्द आपल्याकडे राहिले. पण त्या भाषेतील गरीब माणूस आपली अडचण कोणत्या शब्दांत मांडतो, हे आपल्याला फारसे ठाऊक झाले नाही. ते जाणून घ्यावयाचे असेल, तर कारोलिना मारिया दे जेझुस या ब्राझीलच्या लेखिकेची 'क्वार्तो दे देस्पेजो' (अडगळीची खोली) ही दैनंदिनी वाचावी, असे आम्ही सुचवू.

१९१४ साली जन्मलेल्या कारोलिनाचे शिक्षण जेमतेम दोन वर्षांचे. साव पावलोच्या कानिंदे झोपडपट्टीत राहून, रद्दी वेचून ती तीन मुलांना पोसत होती. दैनंदिनीचा आरंभ १५ जुलै १९५५ चा. त्या दिवशी मुलीचा वाढदिवस. नवे बूट परवडत नाहीत. म्हणून उकिरड्यावर सापडलेले बूट धुऊन, सांधून ती मुलीच्या पायांत घालते. एवढे लिहून ती पुढे जाते, हळहळत बसत नाही. रोज पहाटे नळावर पाणी, मग रद्दीचे आलेले पैसे, मग पावाचा भाव. हिशेबाच्या वहीसारखे हे लेखन आहे, आणि त्याचे बळ त्यातच आहे. १३ मे १९५८ रोजी, म्हणजे १८८८ च्या गुलामगिरीमुक्तीच्या स्मरणदिनी, भूक हीच आजची गुलामी असल्याचे ती नोंदवते. तेथेही तिचा आवाज चढत नाही.

पत्रकार आउदालियो दांतास यांनी संपादित केलेले हे पुस्तक १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी पुनरुक्तीला कात्री लावली, मात्र तिच्या शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवल्या. त्या चुकांचेच कौतुक अनेकांनी केले. आम्हांला हे कौतुक खटकते. मुलांना आंघोळ घातली, एवढे सांगण्यासाठी ती 'अब्लुई' हा ग्रंथांतला शब्द वापरते. मराठीत कोणी 'मुलांचे प्रक्षालन केले' लिहावे, तसा. काही वाचकांना हा शब्द परका वाटेल. आम्हांला तो तिच्या चुकांहून अधिक तिचा वाटतो, कारण तो तिने वाचनातून कष्टाने मिळवला होता. गरिबाने आपले दुःख मोडक्या भाषेतच सांगावे, हा आग्रह सुखवस्तू वाचकाचा!

शेजाऱ्यांविषयी ती फार कठोर लिहिते, हे मान्य करावे लागेल. काही पानांवर आम्ही त्यामुळे थबकलो. पुनरुक्तीही उरली आहेच. पण पाण्यासाठी रोजच रांग असेल, तर वहीत दुसरे काय येणार?

कारोलिना १९७७ मध्ये वारली. २०२१ मध्ये रिओ दी जानेरोच्या संघीय विद्यापीठाने तिला मरणोत्तर सन्माननीय डॉक्टरेट दिली. हे पुस्तक मराठीत आणू पाहणाऱ्याने एक पथ्य पाळावे: तिचा 'उकिरडा' ठेवावा, आणि 'प्रक्षालन'ही.