शालीखालचा टेपरेकॉर्डर

केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉएजर यानातून अंतराळात गेला. सोबत गेली ती भैरवीतली 'जात कहाँ हो' ही चीज, जेमतेम साडेतीन मिनिटांची. बाईंचा विलंबित ख्याल मात्र ७८ फेऱ्यांच्या तबकडीत मावणारा नव्हताच. त्या पिढीतल्या कित्येकांचे मैफिलीतले गाणे आपल्यापर्यंत आले ते रसिकांनी शालीखाली, पिशवीत दडवून नेलेल्या टेपरेकॉर्डरमुळे. अन्नपूर्णादेवींनी तर आपले वादन ध्वनिमुद्रित होऊच दिले नाही. तरीही त्यांचा सुरबहार आज कोणीही घरबसल्या ऐकतो. कुणीतरी तो परस्पर टिपला म्हणून.

या चोरीने संगीत जगवले, हे नाकारण्यात अर्थ नाही. स्पूलवरून कॅसेट, कॅसेटवरून सीडी, आता यूट्यूब. ज्याने मल्लिकार्जुन मन्सूरांना कधी समोर बसून ऐकले नाही, असा विशीतला मुलगाही त्यांच्या अनवट रागांबद्दल हिरिरीने वाद घालतो. पूर्वी हे भाग्य गुरूच्या घरी पाणी भरणाऱ्यालाच मिळे.

पायरसीने कलावंताचे पोट मारले जाते, हा आक्षेप सिनेमाला चपखल लागू पडतो. युरोपीय आयोगाने करवून घेतलेला एक अभ्यास २०१७ मध्ये उजेडात आला. संगीत, पुस्तके यांच्या विक्रीला फटका बसतो असा ठोस पुरावा त्यात सापडला नाही. नव्या गाजत्या चित्रपटांच्या दहा चोरट्या प्रेक्षकांमागे मात्र चार अधिकृत प्रेक्षक घटत होते. रागसंगीताचा गवई जगतो बिदागीवर. टेप हातोहात फिरली की नावही फिरते आणि दूरच्या गावचे बोलावणे येते. रेकॉर्ड कंपनीच्या मानधनावर संसार चालवलेले गवई मला तरी ठाऊक नाहीत.

तेव्हा पैशाचा हिशेब मी बाजूला ठेवतो. नुकसान दुसरीकडेच आहे. गवयाची एखादी रात्र जुळतच नाही. घसा बसलेला असतो, तंबोरे बोलत नाहीत, नवा जोडराग पहिल्यांदाच लोकांसमोर मांडताना वाट चुकते. चाळीस जणांच्या बैठकीत ती चूक तिथेच विरून जायची. आता भैरवी संपण्याआधीच फोनवरचा तुकडा जगभर पोचलेला असतो आणि खाली कुणीतरी निषाद चढा लागल्याचा निकालही देऊन ठेवतो. अशाने गवई सावध होतो, पाठ केलेलेच गातो. ज्या संगीताचा जीव उपजेत, त्यात हे नुकसान कुठल्याही रॉयल्टीने भरून येणारे नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' (२०२०) या चित्रपटात हा पेच फार नेमका आला आहे. ध्वनिमुद्रण नाकारणाऱ्या गायिका माईंची चोरून टिपलेली व्याख्याने ऐकत गाणे शिकणारा शरद रात्री मोटरसायकलवरून मुंबई पालथी घालतो. त्याच्यासाठी तो ठेवा आहे. पण माईंना विचारले कोणी होते?

कायद्यालाही विचारायचे सुचले ते उशिराच. कलाकाराचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीने आला, आधी पंचवीस वर्षांसाठी. १९९९ मध्ये मुदत पन्नास वर्षे झाली. १९९४ च्या दुरुस्तीआधीच्या मैफिलींतल्या गायकाच्या हाती नाराजीपलीकडे काही नव्हते.

माझे मत सांगतो. जुन्या स्पूल उघड्या कराव्यात. कपाटात बुरशी धरू देणे हा मोठा गुन्हा. त्यांवर जाहिराती लावून कमाई करणाऱ्या वाहिन्यांनी मात्र घराण्याच्या वारसांना वाटा द्यावा. हयात कलाकाराचे गाणे त्याने होकार दिल्याशिवाय चढवू नये, मग ते कितीही रंगलेले असो. आणि चढवणार असाल तर रागाचे नाव बरोबर लिहा, साल ठाऊक असेल तर टाका, आणि तबल्यावर व पेटीवर कोण होते तेही लिहा. बहुतेक ठिकाणी ही दोन नावे गायब असतात.